मधोमध पोट असलेलं अक्षर

आमच्या दुकानात डोळे तपासायला जी बाई बसते, ती 'बसते' हे म्हणणंच मुळात चूक आहे. नऊ वर्षांत मी तिला धड बसलेली पाहिलेली नाही. गिऱ्हाईक खुर्चीत आणि ही त्याच्याभोवती. एकदा डावीकडून वाकून बघणार, एकदा उजवीकडून, मध्येच काउंटरवर नसलेली धूळ पुसणार, मध्येच दाराबाहेर डोकावून येणार. बाहेर कोण येणार असतं? कोणी नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखी म्हणतात, तसला प्रकार. पहिल्याच आठवड्यात मी तिचं नाव भिंगरी ठेवलं आणि आता मालकसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारतात. तिने कधी हरकत घेतली नाही. हरकत घ्यायला एका जागी थांबावं लागतं.

मी मागच्या खोलीत काचा घासतो. अडतीस वर्षं तेच करतोय. पाण्याखाली फिरणारं चाक, त्यावर काच टेकवायची, फ्रेमच्या मापाची झाली की पुसून बसवायची आणि खसखशीएवढे स्क्रू पिळायचे. माझा स्वभाव खवट आहे असं लोक म्हणतात. आहेच. दिवसभर दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून स्वतःचे डोळे फोडून घेणाऱ्या माणसाकडून गोड बोलण्याची अपेक्षा करू नये. भिंगरी पुढे नंबर काढते, चिठ्ठीवर लिहिते आणि भिंतीतल्या छोट्या खिडकीतून माझ्याकडे सरकवते. चिठ्ठीत चूक झाली तर कोणीतरी जिन्यावरून पडतं, म्हणून मी चिठ्ठ्या डोळ्यांत तेल घालून वाचतो.

तर एकदा अशाच एका चिठ्ठीच्या कोपऱ्यात मला एक खूण दिसली. एक उभी दांडी आणि तिला मधोमध पोट: þ. इंग्रजी पी म्हणावं तर दांडीने वर डोकं काढलेलं, बी म्हणावं तर खाली पाय लोंबतोय. नंबर लिहायची काही नवी पद्धत निघाली की काय, या विचारात मी दहा मिनिटं काच हातात धरून उभा राहिलो. शेवटी खिडकीतून ओरडलो, "अगं, हे काय लिहून ठेवलंयस? काच कुठल्या बाजूला फिरवू?"

तिने चिठ्ठी माझ्या हातातून ओढूनच घेतली. कान लाल झाले होते. "काही नाही हो काका. हात गेला."

हात असा जात नसतो. मग मला ते अक्षर जागोजागी दिसायला लागलं. कॅलेंडरच्या कडेला, फ्रेमच्या रिकाम्या खोक्यांवर, एकदा तर समोरच्या काचेवर जमलेल्या वाफेत. शेवटी दुपारच्या चहाला मी विचारलंच.

"थॉर्न म्हणतात त्याला," ती म्हणाली. "म्हणजे काटा. फार जुनं इंग्रजी अक्षर आहे. टी आणि एच जोडून आपण जे लिहितो ना, त्याच्यासाठी पूर्वी हे एकच होतं. इंग्रजीत आता नाही कोणी वापरत."

"मग तू कशाला वापरतेस?"

"मी नाही वापरत. दादा वापरायचा." एवढं बोलून ती कप विसळायला उठली. कपात अजून अर्धा चहा होता.

पुढचं मला तुकड्यातुकड्याने कळलं, कारण सलग पाच मिनिटं एक गोष्ट सांगणं तिच्या स्वभावात नाही. तिचे वडील कचेरीत टंकलेखक होते. पानावर एक अक्षर चुकलं तर खाडाखोड न करता अख्खं पान पुन्हा टाइप करणारे. अशा माणसाच्या पोटी हा मुलगा. तेराव्या वर्षी त्याला भंगारवाल्याकडे पुठ्ठा निघालेला एक इंग्रजी शब्दकोश मिळाला आणि त्याच्या पहिल्या पानांवर ही हद्दपार झालेली अक्षरं. मधोमध पोटवाला काटा, एकमेकांना चिकटलेले ए आणि ई, एफसारखा दिसणारा लांबडा एस. पोरगा त्यांच्यामागे वेडा झाला. वहीत तीच, पुढे घरात कॉम्प्युटर आला तर त्यावरही तीच. मित्रांना पत्रं, इंटरनेटवरच्या कुठल्या कुठल्या गटांवर लिहिलेल्या चार ओळी, सगळ्यांत काटे. भिंगरीने विचारलं, कशाला रे दादा? तर म्हणाला, "ती काही मेलेली नाहीत. लोकांनी त्यांना बोलावणं बंद केलं, एवढंच." तिलाही त्याने ती अक्षरं शिकवली. दोघं भावंडं एकमेकांना त्यातच चिठ्ठ्या लिहायची, म्हणजे वडिलांना पटकन वाचता येऊ नयेत.

वडिलांनी साहेबाचे उंबरे झिजवून त्याच्यासाठी स्वतःच्याच कचेरीत एक जागा धरून ठेवली. अर्ज ईमेलने पाठवायचा होता. ह्या पठ्ठ्याने तो पाठवला, काट्यांसकट. साहेबाने त्याची प्रत काढून वडिलांच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, हा तुमचाच ना? त्या संध्याकाळी घरात जे झालं ते भिंगरीने मला एका दमात सांगितलं. वडील म्हणाले, या घरात राहायचं असेल तर सरळ लिहायचं. आणि दादा म्हणाला, मग राहतो कशाला. एक पिशवी आणि स्वतः दुरुस्त केलेला टेपरेकॉर्डर घेऊन तो जो गेला तो गेलाच. त्याला अकरा वर्षं झाली. चौथ्या वर्षी वडील वारले, तर कळवायला पत्तासुद्धा नव्हता. बापाने ताणलं, मुलाने ताणलं, आणि मागे उरल्या त्या आई आणि ही.

आता दाराबाहेर डोकावून ती कोणाला बघायची ते मला कळलं. तेव्हापासून मी त्यावरून तिला चिडवणं बंद केलं. तेवढं मलाही कळतं.

ती फोनवर ते अक्षर शोधायची. रोज, दुपारी, उभ्याउभ्या. माणूस नाव बदलेल, गाव बदलेल, पण हाताची सवय बदलणार नाही असा तिचा हिशेब. एका देशात म्हणे ते अक्षर अजून रोजच्या वापरात आहे, तर तिथल्या बातम्या, तिथल्या हवामानाची पानं, सगळं तिच्यासमोर येऊन पडायचं. ती ते बाजूला सारत राहायची. मी म्हणायचो, "अगं, अक्षर म्हणजे माणूस नव्हे." ती म्हणायची, "तुम्ही चष्मा बघून गिऱ्हाईक ओळखता की नाही?" ओळखतो.

आणि मग सात महिन्यांपूर्वी तो सापडला.

त्या दिवशी ती मागच्या खोलीत आली ती चाक चालू असतानाच. चाक चालू असताना तिथे कोणी यायचं नाही हा माझा नियम. तिने फोन माझ्या नाकासमोर धरला. जुने टेपरेकॉर्डर दुरुस्त करणाऱ्यांचा कसला तरी गट होता. त्यावर एक जण इंग्रजीत लिहीत होता आणि जिथे जिथे टी-एच यायला हवं तिथे तिथे ते मधोमध पोट. नाव नाही, चेहरा नाही, तारेवर बसलेल्या कावळ्याचं चित्र फक्त. टेपरेकॉर्डरमधला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला तर तो कसा काढायचा, हे त्याने दोन पानं भरून समजावलं होतं.

"दादा," ती म्हणाली. "काका, दादा आहे हा."

बुडत्याला काडीचा आधार, असं मी मनात म्हटलं; तोंडाने म्हटलं नाही. मग ती रोज पुरावे आणायला लागली. हा पहाटे उठतो, दादाही उठायचा. ह्याला डाव्या कानाने कमी ऐकू येतं, दादाचा डावा कान लहानपणी फुटला होता. आणि एक दिवस त्या कावळ्याने लिहिलं की माझ्या वडिलांना हा सगळा वेळेचा नाश वाटायचा. त्या दिवशी भिंगरी मालकांकडून अर्धी सुट्टी घेऊन घरी गेली. खरं सांगायचं तर त्या वाक्याने मीसुद्धा गार झालो. असे बाप जगात गल्लोगल्ली आहेत, हे मला तेव्हा सुचलं नाही.

पण तिने त्याला लिहिलं नाही. मांजर दाराशी आलं की हात पुढे करायचा नसतो, म्हणे. पळून जातं. नुसतं वाचायचं आणि संध्याकाळी घरी जाऊन आईला मराठीतून सांगायचं. आईला इंग्रजी येत नाही. आज त्याने सकाळी काय केलं, आज त्याच्या खिडकीशी काय दिसलं, आज त्याने कोणाच्या मूर्खपणावर डोकं आपटलं. आई गेली काही वर्षं भिंतीकडे तोंड करून पडून असायची. ती उठून बसायला लागली. मग बाजारात जायला लागली. मग एक दिवस चक्क आमच्या दुकानात आली आणि नवा चष्मा करून घेतला, आणि फ्रेम निवडताना मला म्हणाली, "भाऊ, जरा बरी दाखवा. पोरगा आला तर म्हातारी एवढी म्हातारी दिसायला नको." त्या काचा मी दोनदा घासल्या, इतकी मला त्यांची काळजी वाटली.

सगळं असं चाललेलं असताना आईच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी सांगितलं, हृदयातली झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागेल आणि वाट बघण्यात अर्थ नाही. गुरुवारची तारीख दिली. मंगळवार संध्याकाळपर्यंत होकार कळवा म्हणाले, नाहीतर ती जागा दुसऱ्याला जाईल आणि पुढची तारीख दोन महिन्यांनी. दोन महिने ती झडप टिकेलच, हे लिहून द्यायला कोणी तयार नव्हतं.

आणि म्हातारी अडून बसली. "आधी त्याला कळव. ये म्हणू नकोस. नुसतं कळव. त्याने 'कळलं' एवढं लिहू दे, मग मी जाते. त्याच्या नकळत मी टेबलावर पडणार नाही. त्याचे वडील गेले तसं मला जायचं नाही."

झालं. इतके दिवस जे टाळलं ते आता दोन ओळींत लिहायचं होतं. गेल्या बुधवारी तिने लिहायला घेतलं आणि त्या चार दिवसांत आमच्या दुकानाने जे भोगलं ते सांगायला नको. गिऱ्हाईकाला नजर तपासायच्या अक्षरांच्या फळ्यावरची तिसरी ओळ वाचायला सांगायची आणि ते वाचत असताना ही खिशातून फोन काढून एक शब्द खोडायची. एका माणसाने तीच ओळ चार वेळा वाचली. पाचव्या वेळी डोळे मिटून म्हणून दाखवली. एका निवृत्त मास्तरांच्या चिठ्ठीत तिने डाव्याचा नंबर उजव्याला लिहिला, मी तसाच घासला, आणि मास्तर दुसऱ्या दिवशी भिंतीला धरत धरत आले: "फरशी तिरकी झालीय की मी?" दोष माझाही होता. चिठ्ठीवर माझी नजर होती, पण जीव माझाही टांगणीलाच लागला होता. मालक तिला बोलायला उठले तेव्हा मी मध्ये पडलो आणि सगळं माझ्या अंगावर घेतलं. ती तेवढ्यातही बाहेर डोकावून आली.

रविवारी तिने ते पाठवलं. त्याच अक्षरांत लिहिलं होतं, लहानपणी चिठ्ठ्यांत लिहायची तसं. दादा, मी आहे. बाबा गेले. आईचं गुरुवारी ऑपरेशन ठरतंय. तू येऊ नकोस हवं तर, फक्त 'कळलं' असं लिही.

सोमवारी दुपारी उत्तर आलं. मी चाकावर होतो. ती आत आली आणि माझ्या ओल्या हातात फोन देऊन उभी राहिली. स्तब्ध. नऊ वर्षांत पहिल्यांदा ती हलत नव्हती आणि मला त्याचीच भीती वाटली. मी चाक बंद केलं. माझं इंग्रजी बेताचं, त्यात ते काटे. एकेक शब्द लावत वाचलं.

मी तुझा भाऊ नाही, असं होतं त्यात. मी त्रेसष्ट वर्षांची बाई आहे. बोटीच्या तिकिटांच्या खिडकीवर आयुष्य गेलं, आता घरी असते. हे अक्षर मी दोन वर्षांपूर्वी धरलं, कारण आम्ही लोक जे काही लिहितो ते सगळं आता कंपन्यांची लिहिणारी यंत्रं शिकण्यासाठी गिळतात आणि आमचेच शब्द आम्हाला परत विकतात. माझ्या लिखाणातल्या या काट्याने निदान त्यांचा घसा खवखवावा. खवखवतो की नाही, देव जाणे. असं लिहिणारे आता पुष्कळ झालेत, मी कितीतरी जण सांगू शकते. तुझा भाऊ त्यांच्यात असेलही, पण मी तो नाही. तुझा निरोप वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. मला माफ कर.

मला आधी त्या बाईचाच राग आला. मग यंत्रांचा. मग त्या शब्दकोशाचा. आपल्याला राग कोणाचा येतोय हे न कळणं फार वाईट असतं. अकरा वर्षं ह्या पोरीने ज्या एका खुणेच्या भरवशावर काढली, ती खूण आता कोणाच्याही हातात होती. आणि इंग्रजी तरी केवढी लबाड! आपल्याकडे 'गेले' की 'गेलो' यावरून बाई की बुवा ते लगेच समजतं. तिथे काही पत्ता लागत नाही. ती बाई 'उठते, बसते' करत होती आणि भिंगरी सात महिने आईला सांगताना तिच्या प्रत्येक क्रियापदाला मिशा लावत गेली.

"आईला काय सांगू?" ती म्हणाली.

आता मी जे बोललो ते मला लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी म्हणालो, "सांग की कळलं म्हणालाय. एक शब्द आहे. आधी ऑपरेशन होऊ दे, मग बघू."

"खोटं?"

"खोटंच. खरं सांगून तिला घरी बसवतेस का? उद्या संध्याकाळपर्यंत मुदत आहे."

तिने दुकानात चार फेऱ्या मारल्या. फळ्याचा दिवा लावला, विझवला, लावला. मग म्हणाली, "माझ्याच्याने तोंड सरळ ठेवून बोलवणार नाही. काका, तुम्ही चला."

मी गेलो. सल्ला देणाऱ्याने मागे राहू नये.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या. अरुंद जिना, भिंतीला लावलेला दोर धरून चढायचा. आईने आमची चाहूल ऐकून तीन कप आधीच काढून ठेवले होते. अंगावर धुतलेलं, इस्त्री केलेलं लुगडं. डोळ्यांवर मी केलेला चष्मा. "आला निरोप?" तिने विचारलं, आम्ही टेकायच्या आधी.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "आला. कळलं म्हणालाय."

म्हातारीचा चेहरा जो झाला, तो मला पाहवला नाही. तिने एक हात छातीवर ठेवला आणि दुसऱ्याने खुर्चीची पाठ धरली. मला वाटलं, झालं, आता चहा घेऊ आणि निघू. पण खोट्याचे पाय किती आखूड असतात ते मी विसरलो होतो.

"कळलं एवढंच?" ती म्हणाली. "की आणखी काही? वडिलांचं वाचून काय म्हणाला? रडला असेल. दाखवायचा नाही, पण रडतो तो. बाई गं, त्याला आता लगेच लिही. म्हणावं, वडील शेवटी तुझंच नाव घेत होते. म्हणावं, त्यांनी तो अर्ज फाडला नाही, कपाटात ठेवला होता. हे त्याला माहीत नाही. लिही, मी सांगते तसं लिही, तो वाट बघत असेल."

अर्ज कपाटात ठेवला होता हे भिंगरीलाही माहीत नव्हतं. ते तिच्या तोंडावरून दिसलं. तिने फोन काढला, अंगठा त्यावर नेला, परत उचलला. आणि मग ती म्हणाली, "आई, तो दादा नाही."

सायकलच्या दुकानात खाली कोणीतरी चाकात हवा भरत होतं.

"कोण मग?"

"एक बाई आहे. निवृत्त. आपल्या ओळखीपाळखीची नाही. तीपण तसंच लिहिते, दुसऱ्याच कारणासाठी. मला वाटलं... आई, मला खरंच वाटलं."

"आणि हे?" तिने माझ्याकडे बोट केलं. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. "हे 'कळलं म्हणालाय' असं म्हणाले, ते?"

"माझीच अक्कल ती," मी म्हणालो. "तिची नाही."

"सात महिने," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला. "सात महिने मला परक्या बाईच्या गोष्टी सांगितल्यास. मी त्याच्यासाठी चष्मा केला." आणि ती उठली, आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कडीचा आवाज आला.

मी उठायला लागलो तर भिंगरीने हाताने बसवलं. मग ती कामाला लागली. धुतलेले कप धुतले. गॅस पुसला. दाराशी गेली, कान लावला, परत आली. "आतमध्ये छातीत दुखलं तर कळायचंसुद्धा नाही," ती म्हणाली, आणि परत दाराशी गेली. "आई?" खिडकी उघडली, लावली. मला वाटत होतं, आपण ह्या घरात येऊन एका संध्याकाळी त्या म्हातारीला एक मुलगा दिला आणि लगेच काढून घेतला. दार फोडावं की पळून जावं, दोन्ही मनात आलं. मी काहीच न करता बसून राहिलो. भिंगरीसारखं उठून फिरता आलं असतं तर बरं झालं असतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. चहा पार गार झाला होता. मग कडी वाजली.

आई बाहेर आली. डोळे सुजलेले होते, चष्मा हातात होता. ती खुर्चीत बसली, चष्मा पदराने सावकाश पुसला आणि डोळ्यांवर चढवला.

"ती पहाटे उठते ते खरं का?" तिने विचारलं. "की ते तू लावलंस?"

"खरं आहे. मी पदरचं काही नाही घातलं. फक्त तिला दादा केलं."

"कानाचं?"

"तेही तिचंच."

आईने चष्मा नाकावर नीट बसवला. "तिला कोण आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे घरात कोण आहे. नवरा, मूलबाळ, बहीण, कोणी?"

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं. जसं काही मला माहीत असणार. "नाही माहीत," ती म्हणाली.

"सात महिने रोज तिचं वाचतेस," आई म्हणाली, "आणि एवढं माहीत नाही?"

सात महिने आम्ही त्या लिखाणात एकाच माणसाला शोधत होतो, आणि जी लिहीत होती तिच्याकडे कोणी बघितलंच नव्हतं. मला एकदम त्या बाईचा तो निरोप आठवला, झोप लागली नाही म्हणणारा, आणि मला तिचा आलेला राग आठवला. मला फार लाज वाटली.

"विचार तिला," म्हातारी म्हणाली. "काढ फोन. आणि गुरुवारी माझं ऑपरेशन आहे, तेही कळव."